पाठकबाईंचा लाडू, फोडता फुटेना

जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या गल्लीला माझ्या नवऱ्याच्या दाढेची सगळी हकीगत तोंडपाठ आहे. अर्थ मात्र एकालाही कळत नाही, आणि तेवढ्याच आधारावर मी तिथे मान वर करून भाजी आणत होते.

आमचे हे रेल्वेत, सिग्नल खात्यात. वर्ध्याहून बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा मुक्ता, म्हणजे आमची एकुलती एक लेक, दुसरी-तिसरीत असेल. नव्या गावात मला सगळ्यात मोठं सुख कोणतं मिळालं, सांगू? कोणाबद्दल काहीही मोठ्यानं बोलण्याचं. दूधवाल्यासमोर उभं राहून त्याच्या दुधातल्या पाण्याचं मराठीत सविस्तर वर्णन करावं आणि त्यानं 'जी बहनजी' म्हणून मापात थोडं जास्त ओतावं! बसमध्ये समोरच्या बाईच्या साडीवर, डॉक्टरच्या दवाखान्यात डॉक्टरवर, लग्नाच्या पंगतीत यजमानांच्या भाजीवर आम्ही दोघं खुशाल बोलायचो. जयपुरातल्या प्रत्येक मराठी घराला ही खोड लागलेली असते. फक्त एक होतं, की माणूस हळूहळू विसरून जातो, या शहरात आणखीही मराठी घरं आहेत.

मुक्ता वाढली ती हिंदीत. जगतपुऱ्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, पण लक्ष सगळं घरच्या कॉम्प्युटरात. कानावर ते मोठं हेडफोन चढवायचं आणि मान हलवत बसायचं. बरेच दिवस आम्ही समजत होतो, की पोरीची मान दुखते. (मी तेल चोळून द्यायला गेले होते, ती किंचाळली.) शेवटी तिनं जाहीर केलं, की ती हिप-हॉपची प्रोड्यूसर आहे. त्या दिवशीची ह्यांची उलटतपासणी मला अजून आठवते.

"म्हणजे तू गाते?"

"नाही बाबा."

"वाजवते?"

"नाही. मतलब, वाजवते, पण कीबोर्डवर नाही. माउसवर."

"नाचते?"

"नाही हो."

"मग गाणारा गाते, वाजवणारा वाजवते, नाचणारा नाचते. तू काय करून राहिली?"

"मी गाणं बनवते, बाबा."

हे माझ्याकडे वळले. "चहा टाक वो," म्हणाले. ह्यांना एखादी गोष्ट कळेनाशी झाली, की चहा लागतो.

त्यातून तिनं आमची कोठीची खोली बळकावली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींवर रजया टांगल्या. आता जयपूरची रजई म्हणजे वजनाला हलकी आणि उबेला भारी. आम्ही वर्धा, नागपूर, यवतमाळ असं सगळीकडे भेट देऊन वाहवा मिळवलेली वस्तू. त्या सगळ्या पाहुण्यांसाठी राखलेल्या रजया भिंतींना, आणि जानेवारीत हे झोपले चादर आणि ऑफिसचा कोट पांघरून. "भिंतीला थंडी वाजून राहिली का वो तुझ्या पोरीच्या?" असं विचारून ते रोज माझ्याकडे पाठ करायचे. पोरीनं पराक्रम केला की ती ह्यांची, आणि रजया पळवल्या की माझी, हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे.

आता पाठकबाई. ह्यांचे साहेब दिनकरराव पाठक यांच्या ह्या पत्नी, मूळच्या पुण्याच्या, राहायला सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात. जयपुरातल्या आम्हा रेल्वेच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू कोणाकडे, कधी, वाण काय, हे सगळं त्या ठरवायच्या. स्वभाव कडक, इस्त्री कडक आणि तिळाचा लाडू सर्वांत कडक. आदल्या संक्रांतीला ह्यांनी तो त्यांच्यासमोरच तोंडात टाकला. काडकन् आवाज झाला. लाडवाला काही झालं नव्हतं. ह्यांच्या दाढेवरची टोपी निघून त्यात रुतली होती. समोर साहेबांची बायको! ह्यांनी डोळ्यांतलं पाणी आवरलं, दाढेसकट लाडू रुमालात घेतला आणि म्हणाले, "उत्तम. उरलेला घरी जाऊन निवांत खातो." घरी आल्यावर अडकित्ता लावूनही दाढ सुटली नाही.

त्याच पाठकबाई गणपतीत चारचौघींसमोर मला म्हणाल्या, "सुनंदाताई, मुलीला वेळीच आवरा. कानाला डबडी लावून कोणी मोठं झालेलं नाही." मला राग आला. पण खरं सांगायचं तर राग आला तो त्यांनी ते चारचौघींसमोर म्हटल्याचा. बाकी माझंही मत तेच होतं.

डिसेंबरात मुक्तानं बॉम्ब टाकला. पुण्याला ध्वनिमुद्रणाचा एक अभ्यासक्रम आहे, प्रवेश मिळतोय, कॉलेज संपलं की तिला जायचं आहे. ह्यांनी तिच्यासाठी रेल्वेभरतीचा क्लास बघून ठेवला होता. घरात असा अबोला धरला गेला, की कुकरची शिट्टीसुद्धा दचकवायची. चौथा चहा झाल्यावर ह्यांनी निकाल दिला.

"हे पाय मुक्ता. संक्रांतीला या गावात प्रत्येक गच्चीवर दिवसभर गाणी वाजतात का नाही? आपली गच्ची सोडून दुसऱ्या एका, फक्त एका गच्चीवर तुझं गाणं वाजू दे. मी स्वतः तुला पुण्याच्या गाडीत बसवून देतो."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर ते डबडं माळ्यावर, रजया खाली, अन् तू क्लासला. पण गच्चीगच्चीवर जाऊन कोणाला विनवायचं नाही. त्याईनं आपल्या मनानं लावलं पाहिजे."

जयपूरची संक्रांत ज्यानं पाहिली नाही त्याला या अटीतली मेख कळणार नाही. त्या दिवशी सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर असतं. प्रत्येक गच्चीवर भिंतीएवढे स्पीकर, आणि शेजाऱ्याचं गाणं बुडवायला आपलं मोठं करायचं ही रीत. तिथे लोक लावणार ते गाजलेलं, ओळखीचं. ह्यांना वाटलं, आपण लेकीला प्रेमानं आणि न दुखावता हरवलं. मलाही तसंच वाटलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

मुक्ता मात्र कामाला लागली. रेल्वेच्या फाटकापाशी जाऊन घंटेचा आवाज भरून आणला. मी तीळ कुटत बसले तर खलबत्त्याला माइक लावला. एका दुपारी मला हाताला धरून रजयांच्या गुहेत नेलं आणि माइकपुढे बसवलं.

"आई, काहीतरी बोल ना. आवाज कसा येतो ते बघायचंय."

आता तुम्हीच सांगा, मराठी बाईच्या हातात माइक दिला आणि 'बोल' म्हटलं, तर ती काय बोलेल? मी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि नाव घेतलं.

"फाटकाची घंटा झाली, सिग्नल पडला लाल, विलासरावांच्या घोरण्यानं शेजाऱ्यांचे हाल."

मुक्ताचे डोळे चमकले. "अजून एक घे."

कौतुक झालं की माझी जीभ सुटते. दुसरा उखाणा मी तिच्यावरच घेतला. "कानावर डबडं, भिंतीवर रजई, विलासरावांची लेक म्हणजे ऐतखाऊ जावई." ती हसली, पण जरा कमी. मग मला काय सुचलं कोण जाणे, आदल्या वर्षीचा सगळा राग वर आला आणि मी खलबत्त्याच्या ठेक्यावर सुरू केलं.

"पाठकबाईंचा लाडू, फोडता फुटेना! विलासरावांची दाढ त्यात, काढता सुटेना!"

हे मी एकदा नाही, चांगलं मन भरेपर्यंत म्हटलं. वर 'फुटेना, फुटेना, सुटेना, सुटेना' असं शेपूटही जोडलं. बाहेर आले तेव्हा इतकं मोकळं वाटत होतं, की मी ह्यांना न मागता चहा दिला.

दोन दिवसांनी मुक्ता स्वयंपाकघरात आली. पोरीचा प्रामाणिकपणा एवढा, की तिनं समोर उभं राहून स्पष्ट विचारलं.

"आई, तुझा आवाज गाण्यात वापरू? पाठककाकूंवालं पण आहे त्यात. पक्का विचार करून सांग."

मी पाक बघत होते. पाकावरची नजर न काढता म्हणाले, "वापर की. ऐकणार कोण आहे?"

संक्रांत उजाडली. पहाटेपासूनच 'वो काटा, वो काटा' सुरू. आमच्या गच्चीवर मात्र दुहेरी थाट होता. त्या वर्षीचं हळदीकुंकू पाठकबाईंनी आमच्याकडे ठरवलं होतं. जानेवारीचं ऊन सोडून बायका खाली खोलीत कशाला बसतील? म्हणून सतरंज्या गच्चीवर. उखाण्यांसाठी मुक्तानं एक छोटा स्पीकर आणि माइक लावून दिला होता. हे कठड्यापाशी खुर्ची टाकून, कान टवकारून बसले होते. एकेक गच्चीचं गाणं ऐकायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. नाही. हेही नाही. तेही नाही.

मुक्तानं कोणाला विनवलं नव्हतं, एवढंच मला माहीत. गाण्याची सीडी तिनं फक्त कोपऱ्यावरच्या पतंगवाल्याला दिली होती. तो दुकानावर दिवसभर गाणी लावायचा. दुकान काही गच्ची नव्हे, तेव्हा नियमाला धरूनच होतं. दुपार कलायला लागली तशी ती पतंगांकडे पाहीनाशी झाली आणि माझ्या शेजारी बसून वाणाच्या वाट्या पुसायला लागली. पुसलेल्याच पुन्हा पुसत होती. मला एकदम भरून आलं. अहो, मला ती हरायला हवी होती, पण अशी नको होती. मनात आलं, आपणच राठौडांच्या गच्चीवर जावं आणि हात जोडावेत. राठौडजी आमचे शेजारी, त्यांची गच्ची आमच्या गच्चीला खेटून.

तेवढ्यात जीप थांबली आणि पाठकबाई वर आल्या. काळी साडी, हलव्याचे दागिने आणि हातात तोच स्टीलचा डबा. तो डबा पाहून ह्यांनी नकळत गालावर हात ठेवला.

"या या, बाई, बसा," मी म्हणाले. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. बायका गोलात बसल्या. पाठकबाईंनी मुक्ताकडे पाहिलं. "अजून तेच चाललंय का गं डबड्याचं?"

"आजच्या दिवस काकू," मुक्ता म्हणाली.

आणि तेव्हा राठौडांच्या गच्चीवरचं गाणं थांबलं. मग घंटा. टन् टन् टन् टन्.

हे खुर्चीतून उठले. "फाटकाची घंटा! इथे कुठून आली?" पाठोपाठ खलबत्ता. ठक्-ठकठक्, ठक्-ठकठक्. त्याच्याखाली असा काही ढोलासारखा दणका, की वाटीतले तीळ नाचायला लागले. राठौडांची पोरं कठड्यावर चढून ओरडली. ह्यांचा पाय ठेका धरायला लागला. हे स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही नाचलेले नाहीत!

"वा," हे म्हणाले. "याला म्हणतात गाणं. मुक्ता, हे ऐक. असं काहीतरी बनवत जा ना बाप्पा."

मुक्ता उठून उभी राहिली होती. तिच्या हातातली वाटी खाली पडली, तिला कळलंही नाही. आणि मग आकाशातून माझा आवाज आला.

"फाटकाची घंटा झाली, सिग्नल पडला लाल..."

माझं तोंड उघडं पडलं ते मिटेचना. माझाच आवाज, पण माणसाएवढा नाही, पाण्याच्या टाकीएवढा. "विलासरावांच्या घोरण्यानं शेजाऱ्यांचे हाल! हाल! हाल! हाल!" ते चार वेळा 'हाल' मी म्हटलेलं नव्हतं, ते पोरीनं माउसवर वाजवलं होतं. ह्यांचा पाय हवेतच थांबला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

आणि मला पुढचं आठवलं. पुढे काय येणार हे त्या सगळ्या गच्चीवर फक्त दोघींना माहीत होतं. मी मुक्ताकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"आरती म्हणूया!" मी ओरडले.

"हळदीकुंकवाला आरती?" पाठकबाई म्हणाल्या.

"आमच्या वर्ध्याकडे म्हणतात." वर्ध्याकडे असलं काही म्हणत नाहीत. मी ताट आणि चमचा घेऊन बडवायला लागले. दुर्दैव असं, की ताट बरोबर त्या ठेक्यात बसलं आणि राठौडांच्या गच्चीवरून टाळ्या आल्या. मी ह्यांच्या कानाशी गेले. "अहो, धावा! ते बंद करून या! पुढे साहेबीणबाईंचा लाडू आहे!"

"काय आहे?"

"लाडू! अन् तुमची दाढ!"

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. नोकरी, बढती, बदली, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं असावं. हे कठडा ओलांडून राठौडांच्या गच्चीवर गेले. पन्नाशीतला माणूस, धोतर असतं तर फाटलंच असतं. त्यांचं बोलणं मला इकडे ऐकू येत होतं.

"राठौडजी, ये बंद करो जी, जल्दी!"

"क्यों भाईसाहब? अभी तो लगाया है."

"दूसरा लगाओ, कुछ भी लगाओ."

"अरे, सुबह से पतंगवाले के पीछे पड़े थे इसकी कॉपी के लिए. ये तो बंद नहीं होगा, भाईसा. क्या बजता है! पता नहीं किस भाषा का है, बच्चे कहते हैं साउथ का है."

हे तिथेच उभे राहिले. 'गाणं बंद करा' सांगायला उघडलेलं ह्यांचं तोंड तसंच राहिलं. दुसरी गच्ची. आपल्या मनानं लावलेलं. वर मागे लागून मिळवलेलं. अट घालणारा माणूस स्वतः साक्षीदार म्हणून तिथे उभा होता.

आणि ती ओळ आली.

"पाठकबाईंचा लाडू, फोडता फुटेना!"

ताट माझ्या हातातून सुटलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण राठौडांच्या पोरांना ती ओळ पतंगवाल्याच्या दुकानावर ऐकून पाठ होती. समोरच्या गच्चीवरच्या पोरांनाही. पलीकडच्या गच्चीवरूनही तेच गाणं सुरू झालं, जरा मागून, त्यामुळे इथे लाडू फुटेना आणि तिथे अजून सिग्नल लाल. कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि एका माणसानं 'वो काटा'च्या जागी आरोळी ठोकली, "फुटेना, फुटेना!" सगळी गल्ली उत्तरली, "सुटेना, सुटेना!"

कळत होतं ते फक्त आम्हालाच. झोटवाड्यातल्या जेवढ्या माणसांना मराठी येत होतं, तेवढी सगळी त्या क्षणी माझ्या सतरंजीवर बसली होती.

पाठकबाईंनी डबा हळूच खाली ठेवला. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मुक्ता पुढे झाली. "मी काकू. गाणं मी बनवलं. सॉरी."

जिंकली होती पोरगी, आणि उभी होती गुन्हेगारासारखी. ते मला बघवेना. "बाई, बोलले मी," मी म्हणाले. "तो आवाज माझा आहे. तिनं विचारलं होतं मला. मीच म्हटलं, वापर."

"आवाज तुमचा आहे हे मला कळतं," पाठकबाई म्हणाल्या. "दाढ खरंच पडली होती?"

हे कठड्यावरून परत आले होते. त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि मान हलवली. "टोपी होती बाई. अजून त्यातच आहे. खाली घरात ठेवला आहे लाडू."

पाठकबाईंनी डब्याचं झाकण उघडून एक लाडू बोटानं ठोकून पाहिला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सामान बांधलं आणि आमची बदली थेट वाळवंटात झालेली पाहून घेतली. मग त्यांनी हात पुढे केला. "मुक्ता, तो माइक इकडे दे. आणि तो ठेका लावता येतो का, नुसता, बोलण्याशिवाय?"

"येतो काकू. खाली कॉम्प्युटरवर आहे."

"मग आण. जा."

मुक्ता धावत खाली गेली आणि ते सगळं धूड उचलून वर आली. तिनं भराभर तारा जोडल्या. घंटा वाजली, खलबत्ता सुरू झाला. पाठकबाईंनी पदर खोचला, हलव्याचा हार सारखा केला, आणि माझ्याकडे बघत, एक मात्रा न चुकवता नाव घेतलं.

"सुनंदाच्या वरणात डाळ दिसेना पोहून, दिनकररावांचं नाव घेते, दाढा शाबूत ठेवून!"

बायका फुटल्या. कोणी कोणाच्या अंगावर पडलं ते कळलं नाही. राठौडांच्या गच्चीवरून शिट्ट्या आल्या आणि राठौडजी ओरडले, "वन्स मोर, आंटीजी!" एक अक्षर कळलेलं नसताना! आंटीजींनी वन्स मोर दिला. वर 'पोहून, पोहून, ठेवून, ठेवून' असं शेपूटही जोडलं. मला सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला असेल, तर माझ्या वरणाबद्दल बायकांनी इतक्या एकमतानं हसण्याचा. इतकी वर्षं माझ्या पंगतीला बसून वाढून घेत होत्या ना!

जाताना पाठकबाई मुक्ताजवळ थांबल्या. "हे तू त्या डबड्यावर केलंस?"

"हो काकू."

"मी चुकले तुझ्या बाबतीत," त्या सरळ म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळल्या. "विलासराव, मुलीला पुण्याला पाठवा. लवकर पाठवा. ही इथे राहिली तर आपल्यापैकी कोणाचीच अब्रू राहणार नाही."

साहेबांच्या बायकोचा हुकूम. पण ह्यांना हुकमाची गरज नव्हती. लेकीसमोर उभे राहून म्हणाले, "ती घंटा... आपल्याच फाटकाची नं? मी ऐकल्याबरोबर ओळखली." आणि डोळे पुसायला गालावरचा हात वर नेला. मुक्ता त्यांच्या गळ्यात पडली. मी चहा टाकायला खाली गेले, कारण रडायला मला स्वयंपाकघर लागतं.

पुण्याच्या गाडीत ह्यांनी तिला स्वतः बसवलं, बरोबर एक रजई दिली. पुढे तिचं नाव झालं. आता कोणकोणत्या गावातली पोरं तिच्याकडून गाणी करून घेतात, आणि त्यांच्यासमोर ती अजून मान हलवत बसते. मी तेल विचारत नाही. आम्हीही निवृत्तीनंतर वर्ध्याला परतलो. इथे दूधवाल्याला मराठी येतं, त्यामुळे दूध पातळ असलं तरी मी 'छान आहे' म्हणते.

माझं बोलणं सुधारलं ते मुक्ताच्या धाकानं. ती घरी आली, की तिच्या बॅगेत ते भरून घ्यायचं यंत्र असतं. म्हणून मी दिवसभर नुसतं गोड बोलते. परवा ती वैतागून म्हणाली, "आई, तू गोड बोलायला लागल्यापासून तुझं काहीच कामाचं राहिलं नाही. यार, थोडी चिड ना." मी चिडले नाही. मग ती तडक पुण्याला, पाठकबाईंकडे गेली. त्याही आता तिथेच असतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, काकूंनी तुझ्या पुरणपोळीवर उखाणा केलाय. फार वाईट आहे. मतलब, फार मस्त आहे. वापरू का? पक्का विचार करून सांग."

या वेळी मी खरंच विचार केला. पाकबिक काही नव्हता समोर. ऐकणार कोण आहे, हेही मला आता नीट माहीत होतं.

"वापर," मी म्हणाले. "पण आवाज जरा मोठा ठेव. मागच्या वेळी लाडू चौथ्या गच्चीवर पोचला नव्हता."